पाच वर्षांचा राजा आणि गायीची टांकसाळ

फेब्रुवारी १७२०. फ्रान्सचा अर्थकारभार जॉन लॉ नावाच्या स्कॉटिश माणसाच्या हाती आहे. त्याच्या बँकेनं कागदी नोटा छापल्या आहेत आणि लोकांनी त्या मुकाट्यानं वापराव्यात म्हणून फर्मान निघालं आहे: कोणाच्याही घरात ५०० लिव्रपेक्षा जास्त किमतीची सोन्याचांदीची नाणी असता कामा नयेत. सापडली तर जप्त, वर जबर दंड. आज जगभरचे संग्राहक ज्या नाण्यांवर जीव टाकतात, ती घरात साठवणं त्या वर्षी चक्क गुन्हा होता! वर्ष संपायच्या आत लॉचा सगळा डोलारा कोसळला, त्याला देश सोडून पळावं लागलं आणि नोटांची रद्दी झाली. ज्यांनी चांदी परसात पुरून ठेवली होती, ते तरले.

फ्रेंच राजांच्या चांदीच्या नाण्यांचं वेड लागतं ते अशा गोष्टींमुळे. सुमारे हजार वर्षांचा हा पसारा आहे. राजाला पैशाची चणचण भासली, युद्ध आलं, मुकुटाला दावेदार उभा राहिला, खजिना फुगला किंवा आटला, की त्याची खूण नाण्यावर उमटतेच. कुठे ठिपक्यात, कुठे अक्षरात, कुठे केसांच्या बटेत. ती वाचता येऊ लागली की काळी पडलेली चकतीसुद्धा बोलायला लागते.

एका पौंडातून २४० नाणी

सुरुवात शार्लमेनपासून करू. आठव्या शतकाच्या अखेरीस त्यानं चांदीच्या ‘दनिये’ नावाच्या नाण्याची घडी नीट बसवली. एक पौंड, म्हणजे एक लिव्र, चांदीतून २४० दनिये. बारा दनियेंचा एक सू, वीस सूंचा एक लिव्र. फ्रान्समध्ये हा हिशेब थेट क्रांतीपर्यंत चालला. इंग्लंडनं तोच उचलला आणि १९७१ पर्यंत एका पौंडाचे २४० पेन्स मोजले. हजारएक वर्षं टिकलेला हिशेब! गंमत म्हणजे मधली कित्येक शतकं फ्रान्समध्ये लिव्र किंवा सू नावाचं नाणं बहुधा हातात नसायचंच. ती मोजायची एककं. खिशातलं नाणं वेगळं, वहीतला आकडा वेगळा.

शार्लमेनचं दनिये जेमतेम पावणेदोन ग्रॅमचं. त्यावर त्याच्या नावाची अक्षरं क्रुसाच्या चार टोकांना गुंफलेली दिसतात. काही नाण्यांवर मात्र गावाचं नाव येतं: मेल. पश्चिम फ्रान्समधल्या या छोट्या गावाखाली चांदीमिश्रित शिशाच्या खाणी होत्या. खाणकामगार कपारीत लाकडं पेटवून खडक तापवायचे, तडकवायचे आणि मग फोडायचे. त्या खाणींत आजही उतरून हिंडता येतं. नाणं हातात आणि त्याची चांदी निघाली ते भुयारही बघता येतं, असा योग नाणेसंग्रहात फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

या चांदीला वाटाही भलत्याच फुटायच्या. ८४५ साली व्हायकिंग सीन नदीतून पॅरिसवर चालून आले, तेव्हा शार्लमेनचा नातू टकल्या चार्ल्स यानं त्यांना परत पाठवण्यासाठी ७,००० लिव्र मोजले. दनियेंच्या हिशेबात सोळा लाख ऐंशी हजार नाणी!

बारा फुलं मोजा

पुढची साडेचारशे वर्षं दनिये रोडावत, हिणकस होत गेलं. मोठ्या व्यवहाराला पोती भरून नाणी न्यावी लागायची. १२६६ मध्ये लुई नवव्यानं, म्हणजे संत म्हणून गौरवल्या गेलेल्या सेंट लुईनं, बारा दनियेंच्या किमतीचं एकच भारदस्त नाणं काढलं. ते ‘ग्रो तुर्नुआ’. वजन सव्वाचार ग्रॅमच्या आसपास, चांदी उत्तम. हे नाणं हातात आलं तर एक गोष्ट जरूर करा: एका बाजूच्या कडेनं असलेली लिलीची फुलं मोजा. बारा भरतील. एक फूल म्हणजे एक दनिये. अक्षरओळख नसलेल्या भाजीवालीलाही किंमत बोटानं मोजता यावी, इतकी साधी आणि हुशार रचना.

त्याच नाण्यावर मधोमध किल्ल्यासारखी एक आकृती आहे. ती तूर शहराच्या नाण्यांची जुनी खूण. मध्ययुगात मात्र एक आख्यायिका पसरली: लुई धर्मयुद्धात इजिप्तमध्ये कैद झाला होता, त्याच्या त्या बेड्यांची आठवण म्हणून हे चित्र कोरलं आहे. आकृती उलटी धरून पाहिली की ही कल्पना कशी सुचली असेल ते कळतं.

लुईचा नातू फिलिप चौथा दिसायला देखणा, पण नाण्यांच्या बाबतीत बदनाम. चांदी कमी करायची आणि किंमत तीच ठेवायची, हा मार्ग त्यानं इतक्या वेळा वापरला की दान्तेनं ‘डिव्हाइन कॉमेडी’त त्याला नाणी खोटी करणारा म्हणून कायमचं नोंदवून ठेवलं. पण पॅरिसचे लोक पेटून उठले ते नाणं हिणकस झालं म्हणून नव्हे, पुन्हा चांगलं झालं म्हणून! १३०६ मध्ये फिलिपनं कस पूर्वीसारखा केला आणि घरमालक म्हणाले, भाडं आता चांगल्या नाण्यात द्या. भाडेकरूंचा बोजा रातोरात तिपटीवर गेला. दंगल उसळली आणि राजाला टेम्पलर नावाच्या धर्मयोद्ध्या सरदारांच्या गढीत आसरा घ्यावा लागला. पुढच्याच वर्षी त्यानं त्या टेम्पलरांना अटक करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. ज्या गढीत जीव वाचला, त्या गढीसकट.

इकडे राजा कस उतरवायचा, पण दुसऱ्या कोणी खोटं नाणं पाडलं तर त्याची शिक्षा भयंकर होती: उकळत्या कढईत टाकणं.

गुप्त ठिपका

१३८९ पासूनच्या नाण्यांवर भिंगातून पाहिलं तर कडेच्या मजकुरात एखाद्या अक्षराखाली बारीकसा ठिपका दिसतो. धातूतला दोष वाटावा इतका लहान. ती मात्र टांकसाळीची गुप्त सही. ठिपका अठराव्या अक्षराखाली असेल तर नाणं पॅरिसचं, सहाव्याखाली असेल तर तूरचं, पंधराव्याखाली असेल तर रुआंचं. वजनात किंवा कसात लबाडी सापडली की कोणत्या टांकसाळीचा कान धरायचा हे अधिकाऱ्यांना लगेच कळायचं. मला या सगळ्या विषयात हा ठिपका सर्वांत लाडका आहे. सहाशे वर्षांपूर्वीची तपासयंत्रणा, आणि ती आजही चालते!

फ्रान्स्वा पहिल्यानं १५४० मध्ये हा लपंडाव संपवून सरळ अक्षरं दिली. पॅरिसला ए, रुआंला बी, लियोंला डी, ला रोशेलला एच, बोर्दोला के, बायोनला एल. टांकसाळी वाढल्या तशी अक्षरं पुरेनात. मग मेट्ससाठी दोन ए, स्ट्रासबर्गसाठी दोन बी आले. आणि पिरेनीज पर्वताच्या पायथ्याच्या पो शहरानं अक्षरच घेतलं नाही. त्यांनी घेतली गाय. बेआर्न प्रांताच्या राजचिन्हात गायी आहेत, त्यातली एक छोटीशी नाण्यावर येऊन उभी राहिली. अठराव्या शतकातल्या पोच्या नाण्यांवर राजाच्या बिरुदांत ‘बेआर्नचा स्वामी’ हेही जोडलेलं असतं. गायीचं नाणं मिळवणं हा नव्या संग्राहकाचा पहिला हट्ट असतो आणि तो पुरवता येण्यासारखा आहे, कारण पो आणि बायोन इथे भरपूर नाणी पडली. मेक्सिको-पेरूची चांदी स्पेनमध्ये यायची आणि डोंगर ओलांडला की या टांकसाळी लागायच्या.

चेहरा येतो, तारीख येते, भूत येतं

राजाचा खराखुरा चेहरा फ्रेंच चांदीवर यायला १५१४ साल उजाडलं. लुई बाराव्याच्या इटलीवरच्या स्वाऱ्यांत फ्रेंचांनी तिथली मुखवट्याची नाणी पाहिली आणि घरी येऊन ‘तेस्तों’ काढलं. नाक, जबडा, टोपी, सगळं त्या माणसाचं. त्याआधीचे राजे नाण्यावर असायचे, पण ते ‘राजा’ असायचे. हा राजा ओळखू येतो.

हेन्री दुसऱ्यानं १५४९ मध्ये नाण्यावर सालही घालायला लावलं. संग्राहकांनी त्याचे आभार मानावेत. हेन्री तिसऱ्याच्या ‘पाव एकू’वर तर किंमत लिहिलेली आहे: ढालीच्या दोन्ही बाजूंना रोमन दोन आणि दोन, मिळून चार, म्हणजे एक चतुर्थांश. त्याच्या निम्म्या नाण्यावर एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला तीन, म्हणजे एक अष्टमांश.

याच पाव एकूंमध्ये एक भूत सापडतं. १५८९ मध्ये हेन्री तिसऱ्याचा खून झाला. वारस होता नव्हार्रचा हेन्री, पण तो प्रोटेस्टंट. कट्टर कॅथलिक संघानं त्याला झिडकारून त्याच्या म्हाताऱ्या काकाला, बूर्बोंच्या कार्डिनलला, ‘चार्ल्स दहावा’ म्हणून राजा जाहीर केलं. हा राजा त्या वेळी कैदेत होता. तो एक दिवसही सिंहासनावर बसला नाही आणि १५९० मध्ये कैदेतच वारला. पण संघाच्या ताब्यातल्या टांकसाळी त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षं त्याच्याच नावानं चांदी पाडत राहिल्या, कारण दुसरं नाव घालायचं तर हेन्रीला मान्यता द्यावी लागली असती. न बसलेला, जिवंतही नसलेला राजा, आणि बाजारात त्याचं खणखणीत नाणं! ‘चार्ल्स दहावा’ हे नाव फ्रान्सच्या खऱ्या राजानं घेतलं ते थेट १८२४ मध्ये.

घण विरुद्ध यंत्र

शतकानुशतकं नाणं पडायचं ते ऐरणीवर, घणाच्या घावानं. चकती वेडीवाकडी, ठसा सरकलेला. कडा कातरून चांदी चोरणाऱ्यांचं फावायचं. हेन्री दुसऱ्यानं ऑग्सबर्गहून यंत्रं आणून १५५२ च्या सुमारास पॅरिसमध्ये पाणचक्कीवर चालणारी टांकसाळ उभी केली. जुन्या कारागिरांनी आपली रोजीरोटी वाचवण्यासाठी तिला कडाडून विरोध केला आणि यंत्रं पदकं पाडण्यापुरती उरली.

निकोला ब्रिओ या कोरक्याची कथा चटका लावते. त्यानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सुधारलेल्या मळसूत्री दाबयंत्रासाठी वर्षानुवर्षं खटपट केली, प्रात्यक्षिकं दिली. नकारच मिळाला. अखेर तो १६२५ मध्ये इंग्लंडला निघून गेला आणि तिथे चार्ल्स पहिल्यासाठी अत्यंत देखणी नाणी केली. फ्रान्सनं यंत्र स्वीकारलं १६४० मध्ये, लिएजहून आलेल्या जाँ वारँच्या हातून. त्यानं आधी सोन्याचा लुई आणि १६४१ मध्ये चांदीचा मोठा ‘एकू’ काढला: २७ ग्रॅमच्या वर, ६० सूंचा. १६४५ मध्ये घणाचं नाणं कायमचं बंद झालं. पुढे कडेवरही मजकूर कोरायला सुरुवात झाली: देवा, राजाचं रक्षण कर. प्रार्थना राजासाठी, पण तिच्यामुळे चांदीचंही रक्षण व्हायचं. कड कातरली की अक्षरं जायची आणि चोरी उघडी पडायची.

केसांच्या बटेवरून साल ओळखा

लुई चौदावा गादीवर आला तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता आणि राज्य केलं ७२ वर्षं. त्यामुळे त्याची नाणी ओळीनं मांडली की बाळसेदार गालांपासून म्हातारपणाच्या लोंबत्या हनुवटीपर्यंत सगळा माणूस डोळ्यांसमोर वाढतो. संग्राहकांनी या मुखवट्यांना नावंही फार गोड दिली आहेत. सुरुवातीचा ‘आखूड बटेचा’, तीनेक वर्षांनी ‘लांब बटेचा’. कपाळावरून मागे जाणारी केसांची एक बट पाहायची आणि ठरवायचं. मग पागोट्यासारखा विग आला, मग गळ्यात लेसची पट्टी आली, तो ‘क्राव्हातवाला’. एखाद्या कुटुंबाच्या फोटोंच्या अल्बममध्येही मुलाची इतकी नीट नोंद राहत नाही. आणि नशीब असं की त्याच्यानंतर गादीवर आलेला त्याचा पणतू लुई पंधरावाही तेव्हा पाचच वर्षांचा होता, त्यामुळे फ्रेंच चांदीवर पुन्हा एकदा लहान मूल अवतरलं.

पण या राजाच्या नाण्यांमधली खरी खळबळ १६८९ ची. व्हर्सायच्या आरसेमहालात तेव्हा चांदीचं फर्निचर होतं. रूपकात्मक नव्हे, भरीव चांदीची मेजं, दिवठाणं, फुलदाण्या, संत्र्याच्या झाडांच्या कुंड्या. परदेशी वकिलांचे डोळे दिपवायला हा थाट. जवळजवळ निम्म्या युरोपाशी युद्ध जुंपलं आणि लुईनं सगळं वितळवायचा हुकूम काढला. सुमारे २० टन चांदी टांकसाळीत गेली. हाती आलेली रक्कम अपेक्षेच्या मानानं अगदीच तोकडी होती. अप्रतिम कारागिरी कायमची नष्ट झाली. चित्रं, वर्णनं आणि याद्या उरल्या. १६९० च्या एकूवर मी बोट फिरवते तेव्हा यात एखाद्या कुंडीचा कण असेल का, हा विचार मनात येतोच.

त्याच सुमारास राजाच्या मंत्र्यांनी एक युक्ती काढली. जुनी नाणी ठरावीक भावानं परत मागवायची, वितळवायची नाहीत, फक्त वर नवा छाप मारायचा आणि जास्त भावानं बाजारात सोडायची. चांदी तेवढीच, किंमत वाढली, फरक राजाच्या खिशात. ही ‘रिफॉर्मासियों’ १६९० पासून पुन:पुन्हा झाली. घाईत मारलेल्या छापाखालून जुना छाप पुरता पुसला जात नसे. मग एकाच नाण्यावर लुईच्या गालातून जुन्या ढालीची रेघ जाते, मुकुटाखालून आधीचं साल डोकावतं, विगच्या कुरळ्या बटांत दुसराच कुरळा विग दिसतो. व्यापारी अशा नाण्याला कधी कधी ‘अस्पष्ट’ म्हणून बाजूला टाकतात. माझ्या मते या मालिकेतली सर्वांत श्रीमंत नाणी तीच. खालचं साल, खालची टांकसाळ ओळखता आली तर एका चकतीचे दोन जन्म वाचता येतात.

१७०९ मध्ये मात्र नवी कोरी चकती वापरली गेली. सेंट मालोची जहाजं पेरूच्या किनाऱ्यावरून चांदी भरून परतली आणि तिच्या जोरावर सगळी नाणी नव्यानं पाडता आली. या एकूवर तीन मुकुट आहेत. त्याच हिवाळ्यात फ्रान्समध्ये नद्या गोठल्या होत्या आणि लोक भुकेनं मरत होते. तेही या नाण्याबरोबर लक्षात ठेवायला हवं.

तुर्की बायकांची फॅशन आणि खोट्या लुईंचा पूर

आता सर्वांत चटकदार किस्सा. लुई चौदाव्याचं पाच सूंचं नाणं इवलंसं होतं, सव्वादोन ग्रॅमचं, पण फार सुबक. १६५० च्या दशकात ते व्यापाऱ्यांबरोबर तुर्कस्तानात पोहोचलं आणि तिथल्या बायकांनी त्याला भोक पाडून दागिन्यांत ओवायला सुरुवात केली. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवरून आपल्याकडे पुतळ्यांची माळ आली, तसाच हा प्रकार. मागणी इतकी वाढली की तुर्की बाजारात त्याला चांदीच्या किमतीपेक्षा किती तरी जास्त भाव मिळू लागला.

हे कळल्यावर भूमध्य समुद्राकाठची आणि त्याच्या आसपासची छोटी छोटी संस्थानं कामाला लागली. मोनॅको, टास्सारोलो, फोस्दिनोवो, लोआनो. ज्याच्याकडे नाणं पाडायचा हक्क होता त्यानं हुबेहूब तसलंच नाणं पाडलं, पण चांदी दरवर्षी थोडी कमी. फ्रान्सच्या हद्दीलगतच्या दोंब या संस्थानाची मालकीण होती राजाची चुलत बहीण, ‘थोरली मादमोआझेल’ म्हणून प्रसिद्ध असलेली ड्यूककन्या. तिच्या त्रेव्हूच्या टांकसाळीत तिचा स्वतःचा चेहरा असलेली नाणी पडत आणि बाईचा मुखडा म्हणून तुर्कस्तानात ती आणखीनच आवडली. शेवटी कस इतका घसरला की व्यापारी आणि गिऱ्हाईक दोघंही बुडू लागले आणि तुर्की सरकारनं १६६० च्या दशकाच्या अखेरीस हा माल बंद केला. या सगळ्या उलाढालीची हकिकत ताव्हेर्निएनं लिहून ठेवली आहे. तोच तो जवाहिऱ्या, जो हिऱ्यांच्या शोधात आपल्या दख्खनमधून हिंडला होता.

अशा नकली नाण्यांचा वेगळा संग्रह करणारे लोक आहेत. एकाच चेहऱ्याच्या शंभर तऱ्हा!

समुद्राच्या तळाशी, आणि पाँडिचेरीत

ऑगस्ट १७२५ मध्ये ‘ल शामो’ नावाचं फ्रेंच जहाज कॅनडातल्या लुईबूर्गजवळ वादळात खडकावर फुटलं. तीनशेवर माणसं होती, एकही वाचलं नाही. जहाजावर वसाहतीच्या पगाराची सोन्याचांदीची नाणी होती. १९६५ मध्ये अ‍ॅलेक्स स्टॉर्म या पाणबुड्यानं ती शोधून काढली. खाऱ्या पाण्यानं बऱ्याच चांदीची त्वचा खरवडली होती, सोनं मात्र कालच पडल्यासारखं. अमेरिकेतल्या वसाहतींसाठी लुई चौदाव्यानं १६७० मध्ये पॅरिसमध्ये पाडलेली पाच आणि पंधरा सूंची चांदीची नाणी तर याहून दुर्मीळ. पंधरा सूंचं नाणं लिलावात आलं की तिकडच्या संग्राहकांत धावपळ उडते.

भारताचा धागाही थेट आहे. १७३६ मध्ये पाँडिचेरीचा गव्हर्नर द्युमा यानं अर्काटच्या नवाबाकडून, दोस्त अली खानाकडून, रुपये पाडायचा हक्क मिळवला. फ्रेंच कंपनीनं पाडलेले ते रुपये मोगल बादशहाच्या नावाचे आणि फारसी अक्षरांचे. फ्रेंच राजाचं नावही त्यावर नाही; ओळख एवढीच की पाँडिचेरीच्या रुपयावर चंद्रकोर असते. पण स्थानिक वापराच्या बारक्या चांदीच्या फणमवर मात्र एका बाजूला फ्रेंच मुकुट आणि दुसऱ्या बाजूला लिलीची फुलं विखुरलेली.

याच द्युमाच्या दारात मराठे येऊन थडकले. १७४० मध्ये रघूजी भोसल्यांच्या फौजेनं दमलचेरीच्या खिंडीत दोस्त अलीला मारलं. त्याची बायकामुलं आणि त्याचा जावई चंदासाहेब याचं कुटुंब पाँडिचेरीच्या तटामागे शिरलं. रघूजींनी खंडणी आणि माणसं, दोन्ही मागितली. द्युमानं नकार दिला; आमच्या देशात सोनंचांदी पिकत नाही, लोखंड आणि लढणारी माणसं पिकतात, अशा अर्थाचं उत्तर त्यानं दिलं असं सांगतात. बोलणी करायला आलेल्या मराठी वकिलाला तटबंदी आणि तोफा दाखवल्या आणि जाताना नांतच्या गोड मद्याच्या बाटल्या भेट दिल्या. ते मद्य रघूजींच्या गोटात फार आवडलं, आणखी बाटल्या मागवल्या गेल्या आणि वेढ्याचा विषय मागे पडला, अशी हकिकत फ्रेंच बाजूनं लिहिली गेली आहे. चंदासाहेब मात्र १७४१ मध्ये त्रिचनापल्लीला पकडला गेला आणि साताऱ्याला कैदेत आला. चंद्रकोरीचा रुपया हातात घेतला की हे सगळं प्रकरण त्यामागे उभं राहतं.

अडीच तोळ्यांचं स्थैर्य आणि शेवट

लॉचा फुगा फुटल्यावर शहाणपण आलं. १७२६ मध्ये एकूचं वजन २९.४८८ ग्रॅम, म्हणजे आपल्या अडीच तोळ्यांच्या किंचित वर, आणि किंमत सहा लिव्र अशी ठरली आणि क्रांतीपर्यंत ती हलली नाही. रूप मात्र बदललं. लुई पंधराव्याच्या एकूवर आधी ढालीभोवती ऑलिव्हच्या डहाळ्या, मग केसांना बांधलेली पट्टी, अखेरच्या चार वर्षांत ‘म्हातारं डोकं’. ते शेवटचं थोडंच पडलं, म्हणून महाग. १७८९ च्या जुलैमध्ये पॅरिसमध्ये चार पौंडी पावाची किंमत साडेचौदा सूंवर गेली होती. म्हणजे हे भलंमोठं देखणं नाणं दिलं तर आठ पाव यायचे. बास्तीलवर लोक का धावले, ते या एका भागाकारात कळतं.

१७९१ मध्ये लुई सोळावा वेषांतर करून पळाला आणि वारेनला पकडला गेला. नाण्यावरच्या चेहऱ्यावरून त्याला ओळखलं, अशी कथा सगळीकडे सांगतात. खरं तर गाजलेल्या हकिकतीत टपालचौकीवरच्या द्रुएनं ताडून पाहिलं ते कागदी नोटेवरचं चित्र. नाण्याचं श्रेय नोटेला गेलं हे संग्राहकांना रुचत नाही, पण इलाज नाही.

त्यानंतरचे ‘संविधानी’ एकू मला फार हलवून जातात. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला पंख असलेला तरुण दगडी पाटीवर संविधान लिहितो आहे, कडेवर राष्ट्र, कायदा आणि राजा, याच क्रमानं. जानेवारी १७९३ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला. १७९३ साल घातलेले त्याचे एकू आहेत. जुने एकू फ्रान्समध्ये १८३४ पर्यंत चालले. स्वित्झर्लंडच्या बर्ननं तर १८१६ च्या सुमारास त्यांच्यावर आपल्या अस्वलाचा आणि ४० बात्झेनचा शिक्का मारून ते आपलेसे करून घेतले. अस्वलाचा शिक्का असलेलं लुईचं हे नाणं ज्याच्याकडे आहे तो ते पाहुण्यांना दाखवल्याशिवाय राहत नाही.

गिळलेली नाणी, आणि घेताना काय बघायचं

लुई चौदावा स्वतः कट्टर संग्राहक होता. त्याच्यासाठी जुनी नाणी आणायला जाँ फ्वा-व्हाइयाँ नावाचा विद्वान पूर्वेकडे फिरायचा. परतीच्या समुद्रप्रवासात चाचे पाठलाग करू लागले, तेव्हा या गृहस्थानं वीसेक सोन्याची नाणी गिळून टाकली! एकदा कैद भोगून झाली होती, पुन्हा माल गमवायची तयारी नव्हती. नाणी यथावकाश सगळी परत मिळाली.

एवढं करायची आज गरज नाही. सुरुवात १७२६ नंतरच्या सहा लिव्रच्या एकूपासून करावी. ती भरपूर पडली, म्हणून आवाक्यात असतात. बारीक वजनकाटा जवळ ठेवा. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरतं, पण २९.५ ग्रॅमपेक्षा जड भरलं तर शंका घ्या. कडेवरचा मजकूर फिरवून वाचा. ओतीव नकलेत तो पुसट, बोथट दिसतो. चेहऱ्यावर किंवा ढालीवर कानशीनं घासल्यासारख्या समांतर रेघा दिसल्या तर नाणं टाकून देऊ नका. छाप मारण्यापूर्वी चकतीचं वजन बरोबर करायला टांकसाळीतच त्या घासलेल्या असतात आणि खरेपणाची ती एक खूण आहे. वरच्या कडेला झाळल्याची खूण किंवा बुजवलेलं भोक दिसलं, तर ते कधी काळी कोणाच्या तरी गळ्यात लोंबत होतं, असं समजून भाव पाडून मागा.

आणि घरी आणल्यावर चिंच, लिंबू, रांगोळी, दंतमंजन, काहीही लावू नका. दोनशे वर्षांत चढलेला तो करडा-निळा थर एकदा निघाला की परत येत नाही आणि त्याच्याबरोबर नाण्याची निम्मी किंमत जाते. शंभर वर्षांवरचं नाणं आपल्या कायद्यात पुरावस्तू ठरतं, त्यामुळे ते खाजगीरीत्या देशाबाहेर नेऊन विकता येत नाही, हेही विकत घेण्याआधी ध्यानात असू द्या. पहिलं कोणतं घ्यावं असं कोणी विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: पोचं, गायवालं.